खिशांतील यंत्र आपला ठाव कसा सांगतें?

पोहरादेवीच्या रामनवमीच्या यात्रेंत वृद्ध आजोबांची चुकामूक झाली, तर पूर्वीं घरच्या मंडळींस वाट पाहण्यावांचून गत्यंतर नसे. आतां त्यांच्या खिशांत मोबाइल असला, म्हणजे त्यांचा माग लागूं शकतो. हें कसें घडतें, आणि असा माग कोणी काढावा, या दोन्ही प्रश्नांचा विचार प्रत्येक कुटुंबानें करणें अगत्याचें आहे.

मोबाइल हें वस्तुतः एक लहानसें रेडिओयंत्र होय. कंपनी सर्व मुलूख लहान लहान कक्षांत विभागून टॉवर उभारते. यंत्र चालू असेपर्यंत, आपण एक शब्दही बोललों नाहीं तरी, तें अधूनमधून टॉवरकडे आपली हजेरी लावीत असतें. ही हजेरी नसती, तर आपल्यासाठीं आलेला फोन कोणीकडे पाठवावा हें कंपनीस कळलेंच नसतें. तेव्हां ठाव कळणें हा या यंत्राचा दोष नसून त्याच्या उपयोगाचा पायाच आहे.

मात्र ही माहिती सर्वत्र सारखीच नेमकी नसते. मुंबईसारख्या शहरांत टॉवर दाटीनें असल्यामुळें शोध कांहीं शें मीटरांपर्यंत पोंचतो. वाशीम जिल्ह्यांतील विरळ वस्तींत एकाच टॉवरचें क्षेत्र कित्येक किलोमीटर असूं शकतें. टॉवरच्या कोणत्या बाजूच्या अँटेनानें संदेश घेतला यावरून दिशा कळते, व संदेशास लागलेल्या वेळावरून अंतर काढतां येतें. कारण रेडिओलहर सेकंदाच्या दशलक्षांश भागांत सुमारें ३०० मीटर जाते. तीन टॉवरांपासूनचीं अंतरें कळलीं, कीं जागा बरीच निश्चित होते. यंत्र बंद पडल्यास शेवटची हजेरी तेवढी शिल्लक राहते. म्हणून माणूस हरवल्यास पोलिसांकडे जाण्यास क्षणाचाही विलंब लावूं नये.

चोरीस गेलेल्या यंत्राचेंही तसेंच. प्रत्येक यंत्रास १५ अंकी क्रमांक असतो. *#०६# हीं बटणें दाबल्यास तो दिसतो. तो घरच्या वहींत लिहून ठेवावा. मे २०२३ पासून ‘संचार साथी’ या सरकारी व्यवस्थेंत हा क्रमांक कळवून हरवलेलें यंत्र देशभर बंद करवितां येतें. पुढें कोणी तें चालविलें, तर माग निघतो.

परंतु हें शस्त्र दुधारी आहे. फोनच्या नोंदी बेकायदा मिळवून विकल्याच्या आरोपावरून ठाणें पोलिसांनीं २०१८ सालीं कांहीं खाजगी गुप्तहेरांस अटक केली होती. आदल्याच वर्षीं, २४ ऑगस्ट २०१७ रोजीं, खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं एकमतानें दिला होता.

हा विवेक घरांतही हवा. आजोबांचा ठाव त्यांच्या संमतीनें ठेवणें ही काळजी होय. सुनेचा किंवा सज्ञान मुलीचा माग तिच्या नकळत ठेवणें हा अविश्वास होय. यंत्र दोहोंत भेद करीत नाहीं. तो भेद वडीलधाऱ्यांनींच केला पाहिजे.