बदकांचा खरा हंगाम पावसाळ्यात

बदकं बघायची ती हिवाळ्यात, असं आपल्याकडे ठरून गेलं आहे. जानेवारीत साकोली तालुक्यातल्या शिवनीबांधावर, तुमसरकडच्या चांदपूरच्या जलाशयावर, पवनीच्या बाळसमुद्रावर दुर्बिणी रोखल्या जातात. उत्तरेकडून आलेलं तलवार बदक, थापट्या, मोठी लालसरी यांची मोजदाद होते. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून याच महिन्यात होत आली आहे. ती मोलाचीच आहे. पण जी बदकं भंडाऱ्यातच जन्मतात आणि भंडाऱ्यातच मरतात, त्या अडई, हळदीकुंकू, नकटा, काणूक यांचं भवितव्य जानेवारीत ठरत नाही. ते जुलै ते सप्टेंबरात ठरतं. त्या दिवसांत तलावाच्या पाळीवर पक्षीनिरीक्षक क्वचितच दिसतो. आणि नेमक्या त्याच दिवसांत रोवणा आटोपून बांध्यांमध्ये धानावर फवारणी सुरू असते.

पिल्लांचे दिवस आणि औषधाचे दिवस एकच असणं ही बाब वरवर वाटते त्यापेक्षा गंभीर आहे. त्यासाठी आधी बदक खातं काय, हे नीट समजून घ्यावं लागतं.

बदक म्हणजे दाणे-गवत खाणारा पक्षी, हा समज शास्त्रज्ञांमध्येही बरीच वर्षं होता, आणि तो तपासणीच्या पद्धतीमुळे पक्का झाला होता. मेलेल्या बदकाचा पेठा, म्हणजे कोंबडीच्या दुकानात कलेजीबरोबर मिळतो तो जठराचा जाड स्नायूंचा भाग, उघडून त्यात काय सापडतं ते मोजायचे. सापडायच्या बहुतेक बियाच. १९७० मध्ये जॉर्ज स्वॉन्सन आणि जेम्स बार्टोनेक या अमेरिकी संशोधकांनी यातली गफलत दाखवून दिली. मऊ अळ्या आणि किडे पेठ्यात काही मिनिटांत विरघळून जातात, कठीण बिया मात्र तासन्‌तास टिकतात. म्हणजे जे खाल्लं ते नव्हे, जे उरलं तेच मोजलं जात होतं. त्यानंतर संशोधक पेठ्याऐवजी अन्ननलिकेतला, नुकताच गिळलेला घास तपासू लागले. नॉर्थ डकोटातल्या वन्यजीव संशोधन केंद्रात गॅरी क्रापू यांनी तलवार बदकाच्या माद्या अशा तपासल्या, तेव्हा अंडी घालण्याच्या काळात त्यांच्या आहाराचा मोठा हिस्सा अळ्या, गोगलगायी आणि गांडुळांचा निघाला. अंड्यासाठी प्रथिनं लागतात, कवचासाठी चुना लागतो. नुसत्या धानाच्या दाण्यावर ते भागत नाही. पिल्लांना तर प्रथिनांची गरज आणखीच जास्त. मॅलार्ड बदकाचं पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा ३०-३५ ग्रॅमचं असतं आणि सुमारे दोन महिन्यांत उडायला लागतं. एवढी झपाट्याची वाढ पाण्यातल्या किड्यांवरच होते.

आता हाच किडा औषधाने गेला तर?

या प्रश्नाचं सगळ्यात लख्ख उत्तर जपानमधून आलं आहे, आणि भंडाऱ्यासाठी ते फार जवळचं आहे, कारण तिथेही धान आहे, तलाव आहे आणि त्या तलावावर पोट भरणारे मासेमार आहेत. पश्चिम जपानमधल्या शिंजी सरोवराभोवती भाताची शेती आहे. तिथे १९९३ पासून इमिडाक्लोप्रिड हे निओनिकोटिनॉइड गटातलं कीटकनाशक वापरात आलं. मासुमी यामामुरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात त्या सरोवराच्या जुन्या नोंदी उलगडून मांडल्या. माशांचं खाद्य असलेले सूक्ष्म प्राणी वसंत ऋतूत सरासरी ८३ टक्क्यांनी घटले होते. स्मेल्ट नावाच्या माशाची वर्षाची पकड २४० टनांवरून २२ टनांवर आली होती. मासे विषाने तडफडून मेल्याचं दृश्य नव्हतं. त्यांचं ताट रिकामं झालं होतं. पक्ष्यांच्या बाबतीत असंच चित्र नेदरलँड्समध्ये २०१४ मध्ये समोर आलं. ज्या भागातल्या पाण्यात इमिडाक्लोप्रिडचं प्रमाण लिटरमागे २० नॅनोग्रॅमपेक्षा जास्त होतं, तिथे किडे खाणाऱ्या पक्ष्यांची संख्या वर्षाला सरासरी साडेतीन टक्क्यांनी कमी होत होती. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग.

इमिडाक्लोप्रिड आपल्याकडच्या धानउत्पादकाला नवं नाही. तुडतुड्यावर ते सर्रास मारलं जातं. तुडतुड्याने जळालेली बांधी ज्याने पाहिली आहे तो शेतकऱ्याला दोष देणार नाही, मीही देत नाही. पण बांधीतलं पाणी बांधीतच राहत नाही. ते पाटाने, ओढ्याने खालच्या बोडीत, तिथून पुढच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात उतरतं. पूर्व विदर्भात सहा हजारांहून जास्त मालगुजारी तलाव आहेत आणि एकाचा सांडवा दुसऱ्याच्या पोटात जावा, अशी त्यांतल्या कित्येकांची रचना आहे. कोहळी समाजाच्या तलाव बांधणाऱ्यांनी पाण्याचा एकेक थेंब पुन्हा पुन्हा वापरण्यासाठी उभी केलेली ही साखळी औषधही तितक्याच चोखपणे पुढे पोचवते.

थेट विषबाधेचा मार्ग वेगळा आहे आणि तोही पक्ष्यांच्या खाण्याशीच जोडलेला आहे. दाणे दळण्यासाठी बदकं वाळूचे खडे गिळतात, ते पेठ्यात राहतात. दाणेदार कीटकनाशक मातीत पडलं की पक्ष्याला ते खड्यासारखं किंवा बीसारखं दिसतं. अमेरिकेत दाणेदार कार्बोफ्युरानवर १९९०च्या दशकात निर्बंध आले ते याच कारणाने. एक दाणा लहान पक्ष्याचा जीव घ्यायला पुरेसा ठरत होता. फोरेट, म्हणजे शेतकऱ्यांच्या तोंडचं 'थिमेट', आपल्या देशात ३१ डिसेंबर २०२० पासून पूर्ण बंद आहे. ही बंदी पाणपक्ष्यांसाठी मोठी गोष्ट आहे, तिची अंमलबजावणी दुकानाच्या फळीपर्यंत पोचायला हवी. भरतपूरला १९८०च्या दशकाच्या अखेरीस १८ सारस मेले होते. एस. मुरलीधरन यांच्या अभ्यासातून त्यामागे आल्ड्रिन हे कीटकनाशक असल्याचं पुढे आलं. सारस धानाच्या बांधीतच घरटं करतो, आणि भंडारा जिल्ह्यात तो हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच उरला आहे. एवढ्या लहान संख्येत एका बांधीतलं एक विषारी बियाणंही सगळा हिशेब बिघडवू शकतं.

गोसीखुर्दची गोष्ट वेगळी. २२ एप्रिल १९८८ रोजी पवनी तालुक्यात पायाभरणी झालेल्या या धरणात आज मैलोगणती उघडं पाणी आहे, आणि पाणपक्ष्याला वरून ते आमंत्रणच वाटतं. पण नागपूरचं सांडपाणी नाग नदीने कन्हानमध्ये, कन्हानने वैनगंगेत येतं आणि इथे येऊन थांबतं. वाहत्या पाण्यातली घाण पुढे जाते, थांबलेल्या पाण्यात ती साठत जाते. कॅलिफोर्नियातल्या केस्टरसनच्या तळ्यांत शेतीच्या निचऱ्याचं पाणी असंच साठवलं होतं. १९८३ मध्ये हॅरी ओलेनडॉर्फ आणि सहकाऱ्यांना तिथे डोळे नसलेली, वाकड्या चोचीची, पाय नसलेली पिल्लं सापडली. कारण होतं सेलेनियम, जे मातीतून निचऱ्यात आणि निचऱ्यातून पाणवनस्पती, किडे, पक्षी असं चढत गेलं होतं. गोसीखुर्दमध्ये सेलेनियमच आहे असं माझं म्हणणं नाही. म्हणणं एवढंच, की पाण्याची बाटली भरून प्रयोगशाळेत नेल्याने अशा गोष्टी कळत नाहीत. केस्टरसनची धोक्याची खूण अंड्यात सापडली.

पक्ष्याच्या शरीरात कुठे शोधायचं, हे शास्त्र आता बरंच पुढे गेलं आहे, आणि मला ते फार सुंदर वाटतं. रक्त अलीकडच्या काही आठवड्यांचं सांगतं. यकृत थोडं मागचं सांगतं. शिसं हाडात साठतं, म्हणून हाड जवळजवळ आयुष्याचं सांगतं. पीस वाढत असताना रक्तातले धातू त्यात शिरतात, वाढ पूर्ण झाली की रक्ताशी त्याचा संबंध तुटतो, त्यामुळे पीस ज्या काळात उगवलं त्या काळाची नोंद त्यात कोंडलेली राहते. बदकं विणीनंतर पंखांची सगळी मोठी पिसं एकदमच गाळतात. म्हणून जानेवारीत चांदपूरला आलेल्या लालसरीच्या पंखातलं पीस मध्य आशियातल्या तळ्याबद्दल सांगेल आणि तिचं रक्त चांदपूरबद्दल. त्याच तलावावरच्या हळदीकुंकू बदकाचं पीस मात्र इथल्या पाण्याबद्दल बोलेल. पाहुणा आणि रहिवासी शेजारी शेजारी पोहत असले तरी त्यांच्या पिसांतून दोन वेगळे भूगोल वाचता येतात.

पाहुण्यांच्या बाबतीतही इथलं खाणं इथेच संपत नाही. मिसुरी विद्यापीठाचे हाइटमेयर आणि फ्रेडरिकसन यांनी १९८१ मध्ये दाखवलं, की मिसिसिपीच्या खोऱ्यातल्या पाणथळ जागा हिवाळ्यात चांगल्या भरल्या, तर पुढच्या विणीत मॅलार्डच्या पिल्लांचं प्रमाण वाढतं. हाच न्याय लावला, तर भंडाऱ्याच्या तलावातलं हिवाळी ताट हजारो किलोमीटरवरच्या घरट्यापर्यंत पोचत असणार.

ते ताट पुन्हा भरता येतं, याचा अनुभव आपल्याच भागात आहे. मनीष राजनकर यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाबरोबर काही तलावांत हे काम केलं आहे. बेशरमची झुडपं उपटायची, उन्हाळ्यात तळाची जमीन नांगरायची आणि तिथे पाण्याखालच्या व तरंगत्या स्थानिक वनस्पती पुन्हा लावायच्या. कोणती वनस्पती माशाला चारा देते, कोणत्या वनस्पतीच्या आड तो अंडी घालतो, कोणत्या कंदावर बदक येतं, हे ढिवरांना पिढ्यांपासून ठाऊक आहे. देवधान, म्हणजे तलावकाठचा जंगली भात, हे त्यांनाही खाद्य आणि पक्ष्यांनाही. वनस्पती परतल्या की त्यांच्या पानांवर वाढणाऱ्या अळ्या आणि गोगलगायी परततात, आणि शिंजी सरोवरातून नाहीशी झालेली साखळी जुळायला लागते.

मग उरतो तो तपासणीचा भाग, आणि त्यासाठी लागणारं सगळं शंभर किलोमीटरच्या आत आहे. नागपूरला नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे, पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मंडळाने सुधारलेला एक तलाव घ्यावा, फवारणीच्या बांध्यांखालचा न सुधारलेला एक घ्यावा, आणि तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्ग किंवा चिखला इथल्या मँगनीज खाणीच्या उतारावरचा एक घ्यावा. तिन्हींचा गाळ, बारीक जाळीत येणारे किडे, गळलेली पिसं आणि न उबलेली अंडी वन विभागाच्या परवानगीने तपासावीत. अडईच्या मागे किती पिल्लं पोहतात आणि त्यातली किती उडेपर्यंत टिकतात, ही मोजणी पाळीवर रोज असणारा ढिवर कुठल्याही पाहुण्या संशोधकापेक्षा चांगली करेल, आणि त्याला त्याचं मानधन मिळायला हवं. गाळ आणि किड्यांचे पहिले नमुने पऱ्हे टाकण्याआधी, जूनच्या सुरुवातीला घ्यावे लागतील, आणि दुसरे पहिल्या फवारणीनंतरच्या पहिल्या मोठ्या पावसाच्या दुसऱ्याच दिवशी, कारण बांधीतलं औषध तलावात पोचतं ते त्याच पाण्याबरोबर.