बोरघाट चढून गेलेला हॉप

मावळच्या मातींत जी वेल कधीं रुजली नाहीं, ती बोरघाटांतून पुणें-खडकीच्या छावण्यांपर्यंत पोंचली, ती विलायती बिअरच्या पिंपांतून. ही वेल म्हणजे हॉप. तिच्या मादी-वेलीस येणाऱ्या शंक्वाकार फुलोऱ्यांतील पिवळ्या रजांत कडवट राळ असते. ती बिअरला कडूपणा देते व ती नासविणाऱ्या कित्येक जंतूंस आवर घालते. सोमवल्ली म्हणजेच हॉप असावा, असा एक तर्क एकोणिसाव्या शतकांत निघाला होता. परंतु सोमाचे अंशु दगडांनीं कुटून रस लोकरीच्या पवित्रांतून गाळीत. हॉप उकळावा लागतो. तेव्हां तो तर्क सोडून देणेंच इष्ट.

आतां प्रश्न असा कीं, त्या पिंपांत इंग्लंडांतील कोणता हॉप असावा? गोल्डिंग व फगल हीं नांवें जोडीनें घेण्याची चाल आहे. पण कालानुक्रम पाहिला म्हणजे येथें ती जोडी टिकत नाहीं. गोल्डिंग ही जात अठराव्या शतकाच्या अखेरीस केंट प्रांतांत निवडून वाढविली गेली. फगलची हकीकत पर्सिव्हल यानें 1901 सालीं दिली: रोप 1861 च्या सुमारास हॉर्समंडन येथील एका बागेंत आपोआप उगवलें व फगल नांवाच्या गृहस्थानें तें 1875 च्या सुमारास प्रचारांत आणिलें. चाळीस वर्षांनीं लिहिलेली ही कथा बखरीप्रमाणेंच पारखून घ्यावयास हवी, आणि तिच्या तपशिलांवर अलीकडे आक्षेपही आले आहेत. पण ती जशीच्या तशी मानली तर काय दिसतें?

बोरघाटाचा गाडीरस्ता सर जॉन माल्कम याच्या कारकीर्दींत 10 नोव्हेंबर 1830 रोजीं खुला झाला. घाटांतून आगगाडी 1863 सालीं धांवूं लागली. म्हणजे खंडाळ्याच्या चढणीवर बैलगाड्यांतून गेलेल्या पिंपांत फगल असणें संभवत नाहीं. हिंदुस्थानास येणाऱ्या फिकट बिअरसाठीं ईस्ट केंटच्या गोल्डिंगला मान असे, व समुद्रप्रवासांत ती टिकावी म्हणून सुका हॉपही पिंपांत टाकीत.

लोणावळ्याची हवा थंड, मग हॉप तेथेंच कां लावला नाहीं, असें कोणी विचारील. उत्तर हवेपेक्षां सूर्यापाशीं आहे. केंटमध्यें जूनांतला दिवस साडेसोळा तासांचा. लोणावळ्यास तो जेमतेम सव्वातेरा तासांचा, आणि तोही बहुधा ढगांत बुडालेला! दिवस आखूड असला म्हणजे वेल पुरती वाढण्यापूर्वींच फुलते व पीक थोडें येतें. शिवाय मुळांस विश्रांति देणारा कडक हिवाळा येथें नाहीं. तो हिमालयांत आहे. म्हणून हिंदुस्थानांत हॉप लागला तो काश्मीरांत, आणि पुढें लाहौलांत.