वैद्यकीय संशोधकाच्या कार्याचे संख्यात्मक मूल्यमापन : डॉ. शंभुनाथ डे यांच्या संशोधनाच्या संदर्भात

प्रस्तावना

वैद्यकीय महाविद्यालयातील अध्यापकाच्या पदोन्नतीचा अथवा संशोधन-अनुदानाचा प्रश्न निवड समितीसमोर येतो, तेव्हा तीन गोष्टींची माहिती प्रामुख्याने मागितली जाते. संशोधकाने किती शोधनिबंध प्रसिद्ध केले, ते कोणत्या नियतकालिकांत आले आणि इतर संशोधकांनी आपल्या लेखनात त्यांचा किती वेळा संदर्भ दिला. यांपैकी तिसऱ्या गोष्टीस प्रस्तुत लेखात 'संदर्भोल्लेख' असे म्हटले आहे. ही माहिती आकड्यांच्या स्वरूपात मिळत असल्यामुळे ती आपोआपच वस्तुनिष्ठ ठरते, असा समज रूढ आहे. हे आकडे कसे तयार होतात आणि ते नेमके काय सांगतात, याचे विवेचन पटकीच्या जीवविषाचा शोध लावणारे कलकत्त्याचे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. शंभुनाथ डे (१९१५-१९८५) यांच्या उदाहरणाच्या आधारे येथे केले आहे. डे यांची निवड करण्यास एक विशेष कारण आहे. संदर्भोल्लेख मोजण्याच्या शास्त्राचे प्रवर्तक यूजीन गारफिल्ड यांनी स्वतःच १९८६ साली पटकीविषयक संशोधनाचा या पद्धतीने आढावा घेऊन त्यातील डे यांचे स्थान दाखवून दिले होते.

संदर्भोल्लेख-सूचीचा उगम

गारफिल्ड यांनी १९५५ साली 'सायन्स' या नियतकालिकात विज्ञानासाठी संदर्भोल्लेख-सूची तयार करण्याची कल्पना मांडली. १९६० साली त्यांनी फिलाडेल्फिया येथे 'इन्स्टिट्यूट फॉर सायंटिफिक इन्फर्मेशन' ही संस्था स्थापन केली आणि १९६४ पासून 'सायन्स सायटेशन इंडेक्स' ही सूची नियमितपणे उपलब्ध होऊ लागली. तिचा मूळ हेतू संशोधकांना गुण देण्याचा नव्हता. ग्रंथालयात संबंधित वाङ्मय शोधणे सुलभ व्हावे, हा होता.

या कल्पनेचे मूळ अमेरिकन वकिली व्यवसायात आहे. तेथील 'शेपर्ड्स सायटेशन्स' ही सूची एकोणिसाव्या शतकापासून वापरात होती. एखाद्या निवाड्याचा आधार पुढे कोणत्या निवाड्यांत घेतला गेला, तसेच तो कायम राहिला की रद्दबातल ठरला, हेही तीत खुणांनी दर्शविलेले असे. गारफिल्ड यांनी नोंद करण्याची पद्धत तेथून घेतली; परंतु मान्यता आणि खंडन यांतील भेद दाखविणारी खूण विज्ञानाच्या सूचीत आली नाही. वैद्यकशास्त्रात ही उणीव फार महत्त्वाची ठरते. अँड्र्यू वेकफील्ड व सहकाऱ्यांचा १९९८ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेला, गोवर-गालगुंड-रुबेला लसीचा स्वमग्नतेशी संबंध सूचित करणारा निबंध २०१० साली मागे घेण्यात आला. त्याचे संदर्भोल्लेख हजाराच्या पुढे गेलेले आहेत आणि त्यांतील बहुसंख्य त्याचे खंडन करणारे आहेत. मोजणीत मात्र प्रत्येक उल्लेख एकच धरला जातो.

शंभुनाथ डे यांचे संशोधन

पटकीचे जंतू रोग्याच्या शरीरातून इतके पाणी कसे बाहेर काढतात, हा प्रश्न रॉबर्ट कॉख यांच्या १८८४ मधील कलकत्त्यातील संशोधनानंतरही सात दशके अनुत्तरित होता. जंतूपासून निघणारे विष रक्तात शोधण्याकडे बहुतेकांचा कल होता. डे यांनी आतड्याकडे लक्ष वळविले. १९५३ साली त्यांनी चटर्जी यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या निबंधात सशाच्या लहान आतड्याचा एक भाग दोन्ही बाजूंनी बांधून त्यात जंतूंचे संवर्धन टोचण्याची पद्धत वर्णिली. काही तासांत तो भाग द्रवाने फुगून येतो. १९५६ साली याच पद्धतीने ई. कोलाय या जंतूच्या काही प्रकारांचाही अभ्यास त्यांनी केला. पुढे १९५९ साली जंतू पूर्णपणे गाळून काढलेला द्रव टोचला तरीही तोच परिणाम होतो, हे त्यांनी दाखविले. याचा अर्थ, जंतू स्वतःबाहेर विष सोडतो आणि ते विष आतड्यावर क्रिया करते. एकट्या डे यांच्या नावावर असलेला हा अवघ्या दोन पानांचा निबंध 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षी मुंबईच्या हाफकिन संस्थेतील दत्ता, पानसे व कुलकर्णी यांनी सशाच्या नवजात पिलांवरील प्रयोगांतून पटकीच्या विषाविषयीचा निबंध 'जर्नल ऑफ बॅक्टेरिऑलॉजी'मध्ये प्रसिद्ध केला, याचीही येथे नोंद घ्यावयास हवी. कलकत्ता आणि मुंबई येथील या दोन कामांचा उल्लेख पुढील वाङ्मयात पुष्कळदा जोडीने होतो.

डे यांच्या १९५९ च्या निबंधाची पहिली काही वर्षे फारशी दखल घेतली गेली नाही. १९६१ साली इंडोनेशियात पटकीची सातवी जागतिक साथ सुरू झाली, पाश्चात्त्य प्रयोगशाळांचे लक्ष या रोगाकडे वळले आणि १९६९ साली फिंकेलस्टाइन व लोस्पालुटो यांनी हे विष शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्यानंतर मूळ निबंधाकडे वळणाऱ्यांची संख्या वाढली. १९७८ साली स्टॉकहोम येथील पटकीविषयक नोबेल परिसंवादासाठी डे यांना निमंत्रण आले. नोबेल पारितोषिकासाठी जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचे नाव एकापेक्षा अधिक वेळा सुचविले होते. भारतातील विज्ञान-अकादमींनी मात्र त्यांना हयातीत सदस्यत्व दिले नाही. गारफिल्ड यांचा लेख 'करंट कंटेंट्स'मध्ये एप्रिल १९८६ मध्ये आला. डे त्याच्या एक वर्ष आधी निवर्तले होते. त्यानंतर 'करंट सायन्स'ने १९९० साली त्यांच्यावर विशेषांक काढला.

यावरून दोन गोष्टी दिसतात. १९६२ किंवा १९६३ साली एखाद्या समितीने केवळ संदर्भोल्लेख पाहून निर्णय घेतला असता, तर डे यांचे काम सामान्य ठरले असते. उलट, जे परीक्षकांना दिसले नाही ते पंचवीस वर्षांनंतर संदर्भोल्लेखांच्याच नकाशाने दाखवून दिले. म्हणून ही पद्धत सरसकट टाकाऊ मानणे योग्य होणार नाही; ती इतिहास लिहिण्यास जितकी उपयोगी आहे, तितकी चालू काळातील पदोन्नतीस नाही, एवढेच म्हणता येईल.

नियतकालिकाचा अंक आणि लेखकाचा गुण

१९७५ पासून 'जर्नल सायटेशन रिपोर्ट्स' या वार्षिकात नियतकालिकांचा इम्पॅक्ट फॅक्टर प्रसिद्ध होतो. समजा, एका नियतकालिकाने २०२२ व २०२३ या दोन वर्षांत मिळून २०० निबंध छापले आणि २०२४ मध्ये त्यांचे ६०० संदर्भोल्लेख झाले, तर त्याचा २०२४ चा अंक ३ येतो. ही सरासरी आहे, आणि अत्यंत विषम वाटणीची सरासरी कोणाही एकाचे वर्णन करीत नाही. 'ॲक्टा क्रिस्टॅलोग्राफिका ए' या नियतकालिकाचा अंक २००८ मध्ये सुमारे २ होता, तो २००९ मध्ये एकदम ४९.९ झाला. कारण एकच, जॉर्ज शेल्ड्रिक यांचा २००८ मधील संगणकीय प्रणालीविषयक एक निबंध हजारो संशोधकांनी उद्धृत केला. त्या दोन वर्षांत तेथे लिहिणाऱ्या अन्य लेखकांचे कार्य एका रात्रीत पंचवीसपट मोलाचे झाले, असे कोणी म्हणणार नाही. तरीही अर्जातील निबंधापुढे नियतकालिकाचा अंक लिहून त्यांची बेरीज करण्याची प्रथा आपल्याकडे सर्रास आढळते. 'सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा' म्हणून ओळखले जाणारे निवेदन डिसेंबर २०१२ मधील चर्चेतून तयार होऊन २०१३ साली प्रसिद्ध झाले, त्याचा मुख्य आक्षेप याच प्रथेवर आहे.

तसेच, पद्धती वर्णन करणाऱ्या निबंधांना शोध वर्णन करणाऱ्या निबंधांपेक्षा अधिक संदर्भोल्लेख मिळतात. प्रथिनांचे प्रमाण मोजण्याची पद्धत सांगणारा ऑलिव्हर लॉरी व सहकाऱ्यांचा १९५१ चा निबंध तीन लाखांहून अधिक वेळा उद्धृत झाला आहे. शोध पाठ्यपुस्तकात गेला, की त्याचा मूळ संदर्भ देण्याची गरज कोणास वाटत नाही. पटकीचे विष आज प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्यास ठाऊक असते. डे यांचे नाव मात्र क्वचितच.

एच-निर्देशांक

कॅलिफोर्निया विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ साली हा निर्देशांक सुचविला. संशोधकाचे निबंध संदर्भोल्लेखांच्या उतरत्या क्रमाने मांडावेत आणि ज्या क्रमांकापर्यंत संदर्भोल्लेख क्रमांकाइतके वा अधिक आहेत तो क्रमांक घ्यावा. एका संशोधकाच्या पाच निबंधांचे संदर्भोल्लेख ३००, ४०, ३, २ व १ असतील, तर त्याचा निर्देशांक ३ येतो. दुसऱ्याच्या आठ निबंधांस प्रत्येकी ८ उल्लेख असतील, तर त्याचा ८. पहिल्याचे एकूण उल्लेख ३४६, दुसऱ्याचे ६४. मोजके पण मूलगामी लिहिणाऱ्याला हा निर्देशांक न्याय देत नाही, कारण तो निबंधांच्या संख्येपलीकडे जाऊच शकत नाही. शिवाय तो वयाबरोबर वाढतो, कधीही कमी होत नाही; निवृत्तीनंतरही वाढतो.

वैद्यकीय क्षेत्रात बहुलेखकत्वाची अडचणही आहे. जागतिक रोगभारविषयक प्रकल्पाच्या एकेका निबंधास शेकडो लेखक असतात आणि त्याचे श्रेय प्रत्येकाच्या खात्यावर पूर्ण जमा होते. विषयभेदाचेही तेच. कर्करोगाच्या क्षेत्रात संशोधक अधिक, म्हणून उल्लेखही अधिक; न्यायवैद्यकात वा शरीररचनाशास्त्रात ते स्वाभाविकपणे कमी. विषयाच्या सरासरीशी तुलना करणारे 'रिलेटिव्ह सायटेशन रेशो' हे माप अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ या संस्थेतील संशोधकांनी २०१६ साली मांडले, ते या दृष्टीने अधिक न्याय्य आहे.

निर्देशांक कोणत्या सूचीवरून काढला, हेही पाहावे लागते. वेब ऑफ सायन्स, स्कोपस व गूगल स्कॉलर यांचे आकडे एकाच व्यक्तीसाठी वेगवेगळे येतात. गूगल स्कॉलर प्रबंध, पुस्तके इत्यादींतील उल्लेखही धरते. त्यात नामसाधर्म्याची भर पडते. 'पाटील एस.' या नावाखाली किती जणांचे निबंध एकत्र होत असतील, याची कल्पना महाराष्ट्रातील अध्यापकांना सहज येईल. 'डे' हे आडनाव तर रोमन लिपीत दोनच अक्षरांचे, युरोपीय नावांतील उपपदासारखे. २०१२ पासून उपलब्ध असलेला सोळा अंकी ऑर्किड क्रमांक घेतल्यास हा घोळ बराच टळतो.

भारतीय नियम

नियमांनी आकडा मागितला, की आकडा पुरविणारे निर्माण होतात. तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने २०१५ साली पदोन्नतीसाठी ग्राह्य सूचींत मेडलाइन, स्कोपस इत्यादींबरोबर 'इंडेक्स कोपर्निकस'चाही समावेश केला आणि केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघणारी नियतकालिके अग्राह्य ठरविली. पहिल्या तरतुदीने दर्जाहीन नियतकालिकांस वाट मिळाली, तर दुसरीने काही चांगली नियतकालिके वगळली गेली, अशी टीका वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी २०१६ साली एकत्रितपणे केली. सप्टेंबर २०२० मध्ये परिषदेच्या जागी राष्ट्रीय वैद्यक आयोग आला. विद्यापीठ अनुदान आयोगाचा अनुभव निराळा नाही. २०१० च्या गुणांकन पद्धतीनंतर नियतकालिकांचे अमाप पीक आले. ते आवरण्यासाठी २०१८ साली 'केअर' यादीची घोषणा झाली, तिचे काम पुणे विद्यापीठातून चालले आणि २०२५ मध्ये ती यादीही बंद करण्यात आली.

पर्याय अवघड नाही. वेळखाऊ मात्र आहे. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थने २०१५ पासून अर्जदारास निबंधांच्या लांबलचक यादीऐवजी आपली जास्तीत जास्त पाच योगदाने थोडक्यात लिहावयास सांगितले आणि प्रत्येकासोबत चारपर्यंतच निबंध जोडण्याची मुभा ठेवली. परीक्षकास ते वाचावे लागतात. अशा तक्त्यात डे यांना १९५३ ची बांधलेल्या आतड्याची पद्धत, १९५६ चा ई. कोलायवरील अभ्यास आणि १९५९ चा जीवविषाचा पुरावा या तीन नोंदी करता आल्या असत्या. दोन रकाने रिकामे राहिले असते.