दीड गुंजेचा बार



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला, की आता बोनस, महागाई भत्ता, नाहीतर संप यांवर ऐकायचे, अशी श्रोत्यांची समजूत होते. आज मी तसे काही करणार नाही. माझा विषय आहे रिव्हॉल्व्हरचे काडतूस. तेही कारखान्यात नव्हे तर घरच्या टेबलावर हाताने भरलेले, दारूचा बार हलका ठेवलेले, आणि तरी नेमके निशाणावर लागणारे. दारू हा शब्द मी सायंकाळभर बंदुकीच्याच अर्थाने वापरणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

ही विद्या मुख्यतः अमेरिकेतली. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतुसे तयार करणे हा गुन्हा आहे, आणि मी स्वतः एकही काडतूस भरलेले नाही. माझे शालेय शिक्षण अर्धवट राहिले. पुढचे जे काही झाले ते नगरवाचनालयात. तेथे या विषयावरचे एक इंग्रजी पुस्तक सहज हाती आले आणि काही दिवस सुटेना. का सुटेना, ते शेवटी सांगतो.

प्रथम काडतूस म्हणजे काय ते पाहू. त्याचे भाग चार. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठोका बसताच पेटणारा प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी शिशाची गोळी. प्रायमर म्हणजे आपल्या दिवाळीतल्या टिकलीची थोरली बहीण. बार उडाला की टिकली संपते, दारू जळते, गोळी जाते. पुंगळी मात्र मागे राहते, आणि चौघांत महाग तीच. मग ती पुन्हा का भरू नये, हा काटकसरीचा प्रश्न कोणत्याही गृहिणीला सुचेल, तसा तो अमेरिकन निशाणबाजालाही सुचला.

येथे एक गंमत आहे. प्रायमरच्या दोन मुख्य पद्धती. एक बर्डन नावाच्या अमेरिकनाची, दुसरी बॉक्सर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची. दोन्ही १८६०नंतरच्या दशकातल्या. पुढे युरोपात अमेरिकनाची पद्धत रुजली आणि अमेरिकेत इंग्रजाची. बॉक्सरच्या पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच भोक असते. आतून सरळ सळई घातली, की जळकी टिकली बाहेर पडते. बर्डनच्या पुंगळीत भोके बाजूला असतात, त्यामुळे हे काम किचकट होते. अमेरिकेत घरोघरी काडतुसे भरण्याचा छंद पसरला, त्यात या एका मधल्या भोकाचा वाटा मोठा आहे.

आता हलका बार कशासाठी? जोर जास्त तितके चांगले, असे आपल्याला वाटते. १८७३ साली अमेरिकन सैन्याने कोल्टचे पंचेचाळीस नंबरचे रिव्हॉल्व्हर स्वीकारले. त्याच्या काडतुसात ४० ग्रेनपर्यंत काळी दारू मावत असे. सैन्याने पुढे ती सुमारे ३० ग्रेनवर आणली. मोठ्या बाराचा धक्का हाताला बसतो. दोन-चार वेळा बसला, की पुढच्या खेपेला चाप ओढण्याआधीच मनगट दचकते आणि नेम जातो. हत्यार कितीही नेमके असो, दचकलेला हात त्याचे मातेरे करतो. म्हणून सरावासाठी आणि स्पर्धेसाठी हलका बार. धक्का कमी, आवाज कमी, शिसे आणि दारूही कमी. तेथल्या निशाणबाजीच्या स्पर्धांत ५० यार्डांवरच्या लक्ष्याचे दहा गुणांचे वर्तुळ सुमारे ३.४ इंचांचे असते. एका हाताने रिव्हॉल्व्हर धरून तेवढ्यात गोळ्या घालायच्या, तर हात शांतच हवा.

पण हलका बार म्हणजे नुसती दारू कमी करणे नव्हे. घोटाळा तेथेच सुरू होतो.

या कामी सर्वांत नावाजलेले काडतूस म्हणजे अडतीस स्पेशल. ते एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस आले. त्याची पुंगळी सुमारे २९ मिलिमीटर लांब, कारण ती काळ्या दारूसाठी योजलेली होती. तिच्यात अशी दारू २१ ग्रेन भरत. पुढे बिनधुराची दारू वापरात आली. ती इतकी जोरकस, की हलक्या बाराला तीन ग्रेनच्या आसपास पुरते. ग्रेन म्हणजे किती, हे आपल्याला सोनाराच्या हिशेबाने चटकन कळेल. जुना तोळा १८० ग्रेनचा आणि तोळ्याच्या गुंजा ९६. म्हणजे एका गुंजेला पावणेदोन ग्रेनहून किंचित अधिक. तीन ग्रेन म्हणजे दीड गुंजेहून जरा जास्त. अकरा गुंजांसाठी बांधलेल्या घरात आता दीड गुंज राहू लागली. मोठ्या डब्याच्या तळाशी मूठभर तांदूळ उरावेत, तसे.

डबा आडवा केला की तांदूळ एका कडेला पसरतात. काडतुसातली दारूही तशीच. रिव्हॉल्व्हरची नळी वर करून मग नेम धरला, तर दारू मागे टिकलीजवळ सरकते. खाली करून धरला, तर पुढे गोळीकडे. टिकलीची ठिणगी पहिल्या खेपेला दारूवर थेट पडते, दुसऱ्या खेपेला पोकळीतून वाट काढत जाते. तीच दारू, तेच वजन. पण गोळीचा वेग निराळा आणि निशाणावरची जागाही निराळी. यावर उपाय दोन. एक, तळाशी न राहता बरीच जागा व्यापणारी फुगीर दारू निवडणे. दुसरा, गोळीच पुंगळीत खोल बसवून रिकामी जागा कमी करणे. स्पर्धेची गोळी सपाट तोंडाची, नळकांड्यासारखी असते आणि पुंगळीच्या तोंडाशी सपाट बसवतात. कागदाला ती टोकदार गोळीसारखे फाडत नाही, पंच केल्यासारखे गोल भोक पाडते. त्यामुळे गुण मोजताना तंटा होत नाही.

दुसरी अडचण गोळीच्या मापाची. रिव्हॉल्व्हरचे फिरते चक्र आणि नळी यांच्यामध्ये कागदाच्या एकदोन पानांएवढी फट असते, आणि थोडा वायू तेथून निसटतोच. मोठ्या बाराला त्याचे काही वाटत नाही; हलक्या बाराची मिळकतच थोडी, तिला गळती सोसत नाही. गोळी चक्राच्या तोंडात नीट बसणारी हवी. शिसे फार कठीणही नको, कारण हलक्या बाराच्या दाबाने कठीण शिसे फुलून नळीला घट्ट चिकटत नाही. मग कडेने वायू सुटतो आणि नळीत शिशाचा लेप बसतो. बार फारच हलका झाला तर गोळी नळीतच अडकते. आवाज बारीक आला म्हणून दुर्लक्ष करून पुन्हा चाप ओढला, तर दुसरी गोळी पहिलीवर आदळते आणि नळी फुगते किंवा फुटते. म्हणून खालची मर्यादाही वरच्या मर्यादेइतकीच पाळायची. दारू बनविणारे कारखाने तपासून कोष्टके छापतात, त्यांच्या आतच राहायचे. संथ जळणारी दारू आपल्या मनाने निम्मी करणे हा तर वेगळाच आणि फार धोक्याचा प्रकार आहे.

आता चांगला बार सापडला हे ओळखायचे कसे? जाणता माणूस एका वेळी एकच गोष्ट बदलतो. आज दारू बदलली तर गोळी तीच, टिकली तीच. ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत तोलणारा काटा तो जवळ ठेवतो. रिव्हॉल्व्हर वाळूच्या पिशवीवर टेकवून तो बार काढतो, म्हणजे हाताचा दोष काडतुसाच्या माथी येत नाही. पाच गोळ्या एका रुपयाखाली झाकल्या म्हणून तो हुरळत नाही, कारण पाच गोळ्या नशिबानेही जवळ पडतात. तो पुन्हा भरतो, पुन्हा झाडतो, वहीत लिहितो. आपले मत खरे ठरावे म्हणून नव्हे, तर खोटे असल्यास कळावे म्हणून केलेली ही तपासणी असते. आम्हा चळवळीतल्या लोकांनाही ही वही ठेवण्याची सवय असती, तर काही मागण्या आम्ही अधिक नीट मांडल्या असत्या.

आणि आता तिसरी अडचण, जिच्यामुळे मला हे पुस्तक सुटेना. एवढ्या मोठ्या पुंगळीत दीड गुंज दारू. ती चुकून दोनदा पडली तर? तीन गुंजाही सहज मावतात. वर गोळी बसली की बाहेरून काही कळत नाही. भरणारा माणूस पन्नासावी पुंगळी भरत असतो, दारावर कोणी हाक मारतो, तो परत येऊन बसतो आणि आधीच भरलेली पुंगळी पुन्हा मापाखाली धरतो. मग एके दिवशी सगळ्यांत हलक्या, सगळ्यांत निरुपद्रवी म्हणून भरलेल्या काडतुसाने चक्र फुटते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशा अपघातांवर तेथे पुष्कळ चर्चा झाली. अपघात झालेला माणूस छातीवर हात ठेवून सांगे, की मी दुप्पट भरले नव्हते. तेव्हा एक तर्क निघाला, की फार थोडी दारू मोठ्या पोकळीत काही गूढ रीतीने एकदम भडकत असावी. जाणकारांनी प्रयोगशाळेत ते घडवून पाहण्याचा प्रयत्न केला. पण त्या जलद जळणाऱ्या दारूच्या एकेरी हलक्या मापातून तसा स्फोट काही मिळेना. दुप्पट माप हेच कारण बहुतेकांना पटले. म्हणजे तो माणूस खोटे बोलत नव्हता. त्याला आपली चूक दिसलीच नव्हती, एवढेच.

यावर शहाण्या मंडळींनी काय केले? ‘लक्ष द्या’ अशी नुसती पाटी लावली नाही. पुंगळ्या भोकांच्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करायच्या; न भरलेल्या उपड्या, भरलेल्या सुलट. ठोकळा पुरा झाला की दिवा जवळ धरून प्रत्येक पुंगळीत डोकावायचे, मगच गोळ्या बसवायच्या. आणि जमेल तेथे इतकी फुगीर दारू निवडायची, की दुसरे माप पडताच ती तोंडातून सांडावी. चूक होणार नाही असे त्यांनी धरले नाही. झालेली चूक लपणार नाही, अशी कामाची मांडणी केली.

श्रोतेहो, १९९३ साली मी पत्र्याच्या कामाच्या एका कारखान्यात प्रेसवर होतो. प्रेस पायाच्या पेडलवर चाले. शेजारच्या गड्याची दोन बोटे डायखाली गेली. चौकशी झाली. मला विचारले, त्या क्षणी त्याचे लक्ष कोठे होते? मी पाहिले होते ते सांगितले: त्याने मान वळवली होती. कागदावर ‘निष्काळजीपणा’ असा शब्द लिहिला गेला, आणि साक्षीदार म्हणून खाली माझी सही आहे. मी खोटे बोललो नव्हतो. पण आठ तासांत माणूस एकदाही मान वळवणार नाही असे धरून ते यंत्र मांडले होते, हे सांगायला मला तेव्हा शब्द नव्हते.

ते शब्द पुढे सापडले. युनियनने मागणी केली, की पेडल काढा आणि दोन बटणे बसवा. दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय प्रेस उतरता कामा नये. पुष्कळ महिने गेले, पण बटणे बसली. मी तेथे असेपर्यंत त्या प्रेसवर पुन्हा कोणाचे बोट गेले नाही. माणसे तीच होती, आणि मान वळवण्याची त्यांची सवयही तीच होती.

दीड गुंज दारूचे ते पुस्तक मला का सुटेना, ते आता आपल्या ध्यानात आले असेल. जड कामात माणूस आपसूक सावध असतो; हलके, रोजचे, हातवळणी पडलेले काम त्याला गाफील गाठते. तेथे दक्षतेचा उपदेश पुरत नाही. कोणी ‘निष्काळजीपणा’ हा शब्द लिहू लागला, तर सही करण्यापूर्वी एवढेच विचारावे: येथे दुसरे माप पडले असते, तर ते सांडले असते काय?