विमान थांबले, साथ थांबली काय?

धोबीतलावावरून गिरगावाकडे निघालेल्या माणसाला मेट्रो सिनेमासमोर एक पुतळा लागतो. रोज हजारो माणसे त्याच्या शेजारून जातात; मान वर करून पाहणारे थोडेच. हा पुतळा डॉ. अकासिओ व्हिएगस यांचा. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीतले रोगी तपासून त्यांनी सांगितले की, हा साधा ताप नव्हे, हा गाठीचा प्लेग आहे. त्या वेळी हा शब्द उच्चारायला पुष्कळजण कचरत होते. मुंबई बंदराचे शहर. प्लेगचे नाव जगात झाले की मुंबईच्या बोटी परक्या बंदरांत अडवल्या जाणार, व्यापार बसणार, हे सर्वांना कळत होते.

साथ आणि प्रवास यांचा संबंध आपल्या शहराला असा सव्वाशे वर्षांपूर्वीच कळला. २०२० साली तोच प्रश्न विमानाच्या रूपाने पुन्हा समोर आला. प्रवास बंद केल्याने साथ थांबते काय? थांबत नसेल तर बंदीने नेमके काय साधते? आणि तिची किंमत कोण देतो? या तीन प्रश्नांचा आज विचार करू.

प्रथम मुद्दा काळाच्या हिशेबाचा आहे. रोगाचे बीज अंगात शिरते तेव्हा माणूस लगेच आजारी दिसत नाही. मधे काही दिवस जातात. या दिवसांना वैद्यकात अधिशयनकाळ म्हणतात. प्रवासावरच्या साऱ्या निर्बंधांचा पाया हाच. ‘क्वारंटाइन’ हा शब्द चाळीस या अर्थाच्या इटालियन शब्दावरून आला, कारण जुन्या काळी बोटींना बंदराबाहेर चाळीस दिवस थांबवीत. १८९७ साली व्हेनिसला प्लेगसंबंधी आंतरराष्ट्रीय परिषद भरली, ती प्रामुख्याने मुंबईच्या साथीमुळे. तिने प्लेगचा अधिशयनकाळ दहा दिवसांचा धरला. मुंबईहून सुएझला पोहोचायला आगबोटीला जवळजवळ तेवढाच काळ लागे. म्हणजे बोटीवर कोणी रोग घेऊन चढला असेल, तर सुएझ येईपर्यंत तो बहुधा आजारी पडलेला असे. समुद्र हाच तपासनीस होता!

विमानाने हा तपासनीस काढून घेतला. ८ जून १९४८ला ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला निघाले आणि दोन दिवसांच्या आत पोहोचले. आज त्याच प्रवासाला नऊ-दहा तास लागतात. प्रवास अधिशयनकाळापेक्षा आखूड झाला. निघताना धडधाकट आणि उतरतानाही धडधाकट दिसणारा उतारू घरी गेल्यावर चौथ्या दिवशी तापाने अंथरूण धरतो. मग विमानतळावर कपाळाला यंत्र लावून त्याचा ताप मोजण्याचा उपयोग किती? जो आजारी पडलेला आहे, एवढाच त्यात सापडतो.

दुसरा मुद्दा असा की, पहारा बहुधा भलत्याच दारावर असतो. प्लेगच्या वेळी सरकारने आगगाडीच्या स्टेशनांवर उतारू उतरवून तपासले. ४ फेब्रुवारी १८९७ला साथीच्या रोगांचा कायदा केला. त्या वर्षी हज यात्राही बंद ठेवली. तरी साथ पुणे, कराची आणि पुढे देशभर गेली. कारण पहारा माणसांवर होता आणि रोग उंदरांच्या अंगावरील पिसवांतून, धान्याच्या पोत्यांबरोबर जात होता. पिसवांचा हा संबंध पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने १८९८ साली दाखवला. तोवर उंदीर विनातिकीट, विनातपासणी हिंडत होते. दरम्यान, साडेआठ लाखांच्या आसपास वस्तीच्या मुंबईतून फेब्रुवारी १८९७पर्यंत जवळजवळ चार लाख माणसे भीतीने गावी निघून गेली होती.

२०२० सालीही थोडेफार तसेच झाले. १८ जानेवारीपासून मुंबई विमानतळावर चीनहून येणाऱ्यांची तपासणी सुरू झाली. पुढे आणखी काही देश यादीत आले. दुबई त्यात नव्हती. १ मार्चला दुबईची सहल करून पुण्याचे एक दांपत्य मुंबईला उतरले व टॅक्सीने पुण्यास गेले. ९ मार्चला त्यांना कोविड असल्याचे कळले. महाराष्ट्रातील हे पहिले रुग्ण. सर्वच परदेशी उतारूंची तपासणी ४ मार्चपासून सुरू झाली होती, म्हणजे ते उतरल्यानंतर तीन दिवसांनी. यात त्या दांपत्याचा काहीच दोष नाही. यादी नेहमी कालच्या माहितीवर बनते आणि रोग आज प्रवास करतो, एवढाच याचा अर्थ.

मग बंदी निरुपयोगीच म्हणायची काय? तसे नाही. येथे थोडे गणित करू. समजा, शहरात रोज काही बाधित माणसे बाहेरून येतात आणि रोग्यांची संख्या दर तीन दिवसांनी दुप्पट होते. आपण कडक बंदी घालून दहांपैकी नऊ बाधितांना अडवले. ऐकायला हे यश मोठे वाटते. पण आत आलेल्या एकाचे तीन दिवसांनी दोन, सहा दिवसांनी चार, नऊ दिवसांनी आठ होतात. म्हणजे सुमारे दहा दिवसांत आपण पुन्हा दहाच्या घरात! नव्वद टक्के दार बंद करून आपण दहा दिवस मिळवले. एकदा रोग शहरातच पसरू लागला की दाराला कुलूप लावण्याचा उपयोग आणखी कमी होतो. प्रवासबंदी साथ थांबवीत नाही. ती सवड विकत घेते. त्या सवडीत खाटा, प्राणवायू, चाचण्या आणि लस यांची तयारी केली, तर बंदीचे सार्थक होते. न्यूझीलंडसारख्या समुद्राने वेढलेल्या देशाने मार्च २०२०मध्येच दारे लावली, ती लस मिळेपर्यंत लावून ठेवली आणि त्याचा त्याला मोठा लाभ झाला. पण मुंबईसारख्या शहराला बेट असूनही बेटासारखे राहता येत नाही.

निर्बंध कसा असावा याचे एक जुने उदाहरण पीतज्वराचे आहे. हा रोग आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतला. तो पसरवणारा डास आपल्याकडे विपुल, पण रोग येथे नाही. म्हणून १९३३च्या हेग येथील विमानविषयक आरोग्य करारापासूनच भारत याबाबत दक्ष राहिला. पीतज्वराच्या देशातून येणाऱ्याकडे लशीचा दाखला मागतात; नसेल तर सहा दिवस वेगळे ठेवतात. रोग कसा पसरतो हे ठाऊक, लस खात्रीची, अधिशयनकाळ निश्चित. म्हणून हा निर्बंध थोडक्यांना, थोडे दिवस अडवतो आणि विमाने चालू राहतात.

याच्या उलट उदाहरण १९९४चे. त्या सप्टेंबरात सुरतेला फुप्फुसाच्या प्लेगची बातमी आली आणि सुरतेहून माणसांचे लोंढे गाड्यांनी मुंबईकडे आले. जगात घबराट पसरली. काही आखाती देशांनी भारताशी विमानवाहतूकच थांबवली. युरोपच्या विमानतळांवर आपल्या उतारूंना वेगळे काढून तपासू लागले. विमाने बंद करण्याची गरज नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगत होती, पण तिचे कोण ऐकतो? मृत्यू पन्नासच्या आसपास झाले. भारतातून परदेशात प्लेग गेल्याचे एकही उदाहरण सिद्ध झाले नाही. नुकसान मात्र अब्जावधी रुपयांचे झाले. दुसऱ्याच वर्षी, १९९५ला, आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम सुधारण्याचे ठरले आणि २००५ साली नवे नियम मंजूर झाले. रोगापासून रक्षण करावे, पण वाहतुकीला विनाकारण अडथळा आणू नये, हे त्यांचे सूत्र. व्यवहारात ते किती पाळले जाते, हे २०२०ने दाखवले.

२२ मार्च २०२०पासून परदेशाहून येणारी नियमित प्रवासी विमाने बंद झाली आणि २५ मार्चपासून देशातलीही. देशात १९२०-३०च्या दशकांत नागरी विमानोड्डाण सुरू झाल्यापासून आकाश इतके रिकामे क्वचितच झाले असेल. २०१९ साली देशांतर्गत विमानांनी १४ कोटी ४१ लाख उतारू गेले होते. २०२०त हा आकडा ६ कोटी ३० लाखांवर आला. जगभरचे उतारू साडेचार अब्जांवरून १.८ अब्जांवर उतरले. विमानाचा धंदा असा की, ते जमिनीवर उभे असले तरी भाडे, कर्जाचे व्याज आणि देखभाल चुकत नाही. त्यामुळे थांबलेल्या चाकाबरोबर मालवाहू कामगारापासून वैमानिकापर्यंत सर्वांची मिळकत थांबली.

२५ मे २०२०ला देशांतर्गत विमाने पुन्हा उडाली, पण उन्हाळी वेळापत्रकाच्या एकतृतीयांश. मुंबईला प्रथम दिवसाला २५ उड्डाणे व २५ आगमने एवढीच मुभा होती. सरकारने भाड्याला कमाल मर्यादा घातली, तशी किमानही घातली; मुंबई-दिल्लीला साडेतीन हजार ते दहा हजार रुपये. कमाल मर्यादा उतारूसाठी, हे समजते. किमान कशासाठी? दुबळ्या कंपन्या भाडे पाडण्याच्या चढाओढीत बुडू नयेत म्हणून. उड्डाणांची मर्यादा ऑक्टोबर २०२१मध्ये आणि भाड्याची ऑगस्ट २०२२अखेर उठली. विमानातली मधली खुर्ची रिकामी ठेवावी की नाही, हा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जून २०२०मध्ये न्यायालयाने तज्ज्ञांचे मत मानून ती भरण्यास परवानगी दिली. रद्द झालेल्या तिकिटांच्या पैशांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२०ला उतारूंच्या बाजूने बराचसा सोडवला. परदेशी नियमित विमाने मात्र २७ मार्च २०२२लाच पूर्ववत सुरू झाली. म्हणजे दोन वर्षे गेली.

या दोन वर्षांत अडकलेल्यांना आणण्यासाठी ७ मे २०२०पासून ‘वंदे भारत’ची विमाने सोडण्यात आली आणि पुढे काही देशांशी तात्पुरते करार झाले. तरी गिरगावातल्या, दादरच्या, लालबागच्या किती घरांत मुलगा अमेरिकेत, मुलगी लंडनला आणि आईबाप इकडे एकटे, अशी स्थिती होती! बापाला अग्नी द्यायला मुलगा पोहोचू शकला नाही. दहावा-तेरावा त्याने मोबाइलच्या पडद्यावर पाहिला. बोटीवर काम करणारे खलाशी करार संपूनही महिनोन् महिने उतरू शकले नाहीत. ही किंमत कोणत्याही ताळेबंदात धरलेली नाही.

आणखी एक विषमता ध्यानात घ्यावी. लोकल गाड्या २३ मार्च २०२०ला थांबल्या. सर्वसामान्यांसाठी त्या, ठरावीक वेळांपुरत्या, १ फेब्रुवारी २०२१ला खुल्या झाल्या. मे २०२०मध्ये तिकीट परवडणारा माणूस विमानाने दिल्लीला जाऊ शकत होता. पण परळच्या दुकानातला नोकर कल्याणहून कामाला येऊ शकत नव्हता. निर्बंध सर्वांना सारखे असतात, हे म्हणणे म्हणूनच तपासून घ्यावे.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. २४ नोव्हेंबर २०२१ला दक्षिण आफ्रिकेने विषाणूच्या नव्या प्रकाराची माहिती जगाला दिली. त्यालाच पुढे ओमिक्रॉन म्हटले गेले. त्या देशाने प्रामाणिकपणे, लवकर सांगितले. बक्षीस काय मिळाले? चार दिवसांत अनेक देशांनी त्याची विमाने बंद केली. तोवर हा प्रकार अन्य देशांत पोहोचलेलाही होता. लवकर सांगणाऱ्याला जर शिक्षा होणार असेल, तर पुढच्या वेळी कोण लवकर सांगेल? १८९६च्या मुंबईतल्या ज्या भीतीने लोक प्लेग शब्द उच्चारत नव्हते, तीच ही भीती.

म्हणून बंदीविषयी तीन कसोट्या सांगाव्याशा वाटतात. ती लवकर आणि थोड्या मुदतीची असावी. मिळालेल्या सवडीचा हिशेब लोकांना द्यावा. आणि सांगणाऱ्याचे नुकसान बाकीच्यांनी वाटून घ्यावे.

सवडीचा उपयोग कसा करावा, याचा धडा आपल्या शहरातच आहे. ऑक्टोबर १८९६मध्ये वाल्डेमार हाफकिन मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या लहानशा जागेत काम करून १० जानेवारी १८९७ला त्यांनी आपली प्लेगची लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. पुढे १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळला, जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली. सव्वाशे वर्षांनी, जानेवारी २०२१मध्ये, मुंबई महापालिकेला कोविडच्या लशीचा पहिला साठा मिळाला, तो उतरला परळलाच. बंदीने दिलेले दिवस संपतातच. त्यांत परळला काय तयार झाले, यावर शहराचा निभाव लागतो. मेट्रोसमोरून पुढच्या वेळी जाताना त्या पुतळ्याकडे क्षणभर अवश्य पाहावे. वाईट बातमी वेळेवर सांगणाऱ्याचा तो पुतळा आहे.