वास आणि श्वास

फाल्गुन-चैत्रात सांगलीच्या मार्केट यार्डात पाऊल टाकले की हळद आधी नाकाला भेटते, मग डोळ्यांना. गंमत अशी, की ज्या पिवळ्या रंगामुळे हळदीला भाव येतो, त्या रंगाला, म्हणजे कुरकुमिनला, स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. वास असतो तो हळकुंडातल्या तेलाचा. वाळलेल्या हळकुंडात वजनाच्या साधारण ३ ते ६ टक्के एवढे हे तेल असते, आणि ते हवेत उडून जाणारे असते. साताऱ्याच्या आल्याचेही तसेच. कोरेगावकडचे ताजे आले किसताना घरभर वास सुटतो तो या उडत्या तेलाचा; जिभेला झोंबतो तो तिखटपणा निराळ्या द्रव्याचा, तो जागचा हलत नाही. आले आणि हळद एकाच कुळातली भावंडे. कृष्णामाईने दोघांनाही आपल्या काठी वाढवले.

या उडत्या तेलांना हल्ली मोठे दिवस आले आहेत. लहानशा तपकिरी बाटल्या, झोपेसाठी लॅव्हेंडर, डोकेदुखीसाठी पेपरमिंट, पुरळासाठी टी-ट्री. विकणाऱ्या ताई हमखास सांगतात, "आपल्या आयुर्वेदात हे हजारो वर्षांपासून आहे." इथे जरा थांबायला हवे. आयुर्वेदातले 'तैल' हा शब्दच मुळी तिळावरून आलेला. नारायण तेल करताना वैद्य वनस्पतींचा काढा आणि कल्क तिळाच्या तेलात तासन् तास शिजवतो. त्या खटाटोपात वासाचा बराचसा भाग वाफेबरोबर निघून जातो, आणि वैद्याला त्याचे दुःख नसते. बाटलीतले सुगंधी तेल म्हणजे नेमकी ती निघून जाणारी वाफ अडवून थंड केलेली. कनौजचे अत्तरवाले तांब्याच्या देगेतून नळीवाटे भपक्यात उतरवतात ती. नाव दोन्हींचे तेलच, पण वस्तू वेगळ्या. 'अॅरोमाथेरपी' हा शब्द तर रेने-मोरिस गातफोसे या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९३७ साली आपल्या पुस्तकाला दिलेला. त्याला ऋषिमुनींचे गोत्र चिकटवायचे काही कारण नाही.

मग आपल्या आज्या-पणज्यांना यातले काहीच ठाऊक नव्हते काय? होते की! पण त्यांच्या हातात बाटली नव्हती, बी होते, पान होते, साल होती. पोट फुगलेल्या बाळाला ओव्याच्या पुरचुंडीचा शेक, बाळंतिणीच्या खोलीत निखाऱ्यावर ओवा-वावडिंगाची धुरी, दाढ ठणकली की लवंग, पावसाळी सर्दीला गवती चहाचा काढा. ओव्यातले थायमॉल जंतूंना मारते. लवंगेतले युजेनॉल दाढ खरोखर बधिर करते. दाताच्या डॉक्टरकडे शिरताच जो वास येतो तो त्याचाच, कारण जस्ताच्या भुकटीत ते कालवून तात्पुरते दात भरतात. बाळंतशोपा तर साहेबाच्या देशातून ग्राइप वॉटर होऊन आपल्याकडे आली आणि आपण ती पैसे देऊन घेतली.

अमृतधारा आठवते का? ओव्याचे फूल, पुदिन्याचे फूल आणि कापूर हे तीन कोरडे खडे एका बाटलीत घालून हलवले की बघता बघता त्यांचे पाणी होते. लहानपणी आम्हाला ही जादूच वाटायची. जादू नाही, काही घन पदार्थ एकत्र आले की त्यांचा वितळण्याचा बिंदू खाली येतो, इतकेच. लाहोरच्या पंडित ठाकुर दत्त शर्मांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला हे मिश्रण बाजारात आणले, आणि पुढे ते घरोघरी फडताळात जाऊन बसले.

आता खरा प्रश्न. याने बरे 'वाटते' की बरे 'होते'? पुदिन्याच्या फुलाचे, म्हणजे मेंथॉलचे, उत्तर विज्ञानाने फार छान शोधले आहे. आपल्या कातडीत आणि नाकात गारवा ओळखणारे सूक्ष्म ग्राहक असतात. मेंथॉल त्यांना डिवचते आणि गारवा नसतानाही गार वाटायला लागते. हा ग्राहक शोधून काढणाऱ्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापूटियन यांना २०२१ चे नोबेल मिळाले, आणि त्या शोधात दोघांनी मेंथॉलचाच उपयोग केला होता. चोंदलेल्या नाकाला मेंथॉल हुंगवून मोजमापही झालेले आहे. माणूस सांगतो, नाक मोकळे झाले. यंत्र सांगते, नाकातून जाणारी हवा पूर्वीइतकीच आहे.

यावरून हे सारे थोतांड, असे म्हणणाऱ्यांतला मी नाही. रात्रभर किरकिरणाऱ्या मुलाला आणि त्याच्या आईला दोन तास झोप लागली तर ती काही लहान गोष्ट नव्हे. आतड्याच्या चिवट दुखण्यावर पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल आजचे डॉक्टरही देतात. पण आराम आणि इलाज या दोहोंतली रेघ पुसली गेली की काय होते, हे समजायला सांगलीजवळच्या हरिपूरला जायला हवे.

कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या या गावात हळदीची पेवे असत. जमिनीत खोल खणलेले, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद असे हे कोठार. त्यात हळद भरून तोंड बंद केले की आतला प्राणवायू संपतो, कीड जगत नाही आणि माल वर्षानुवर्षे टिकतो. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात या पेवांचाही मान आहे. २००५ च्या महापुराने पेवांचे अतोनात नुकसान केले आणि माल गोदामांकडे वळला. बँकेत असताना तारण ठेवलेल्या हळदीची पोती मोजायला मी अशा गोदामांत जाई. संध्याकाळी घरी पोचलो की कुठे गेलो होतो हे सांगावे लागत नसे. तर सांगायचे ते हे, की पेव उघडले म्हणजे कोणी लगेच आत उतरत नसे. आधी हवा खेळू द्यायची, दिवा खाली सोडायचा, तो विझला तर थांबायचे. आत सुगंध तर काठोकाठ, पण श्वासाला हवा नाही. वास म्हणजे प्राणवायू नव्हे हे तिथल्या हमालाला कोणी शिकवावे लागले नाही.

आणि २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत आपण सुशिक्षित मंडळी मोबाइलवर काय धाडत होतो? कापूर, ओवा, लवंग आणि निलगिरीचे चार थेंब यांची पुरचुंडी हुंगा, रक्तातला प्राणवायू वाढेल! सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्हे तेव्हा होरपळत होते. खाटा नव्हत्या, सिलिंडर नव्हते, माणसे हाताला येईल ते धरत होती. त्यांना हसण्यात अर्थ नाही. पण बोटाला लावलेल्या यंत्रावर आकडा ८८ दिसत असताना छाती मोकळी वाटली म्हणून ज्याने आणखी एक रात्र घरी काढली, त्याला त्या पुरचुंडीने फसवले. पेवात दिवा विझत होता आणि आपण वास घेत होतो.

आपल्या भागाने हे पूर्वीही पाहिले आहे. पाचगणीला डॉ. बिलिमोरियांनी १९१२ साली बेल-एअर हे क्षयरोग्यांचे आरोग्यधाम काढले. मिरज-सांगलीच्या मध्ये वानलेसवाडीचे क्षयरुग्णालय. त्या काळी जगभर क्षयरोग्यांना निलगिरीचे आणि क्रिओसोटचे वाफारे देत. खोकल्याला उतार पडे, रोग मात्र आत पोखरत राही. १९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आले तेव्हा कुठे क्षयाचा जंतू हटला. सुगंधाने त्याच्या केसालाही धक्का लावला नव्हता.

दुसरी गोष्ट मात्रेची, आणि ती आजच्या घरांच्या दृष्टीने अधिक निकडीची आहे. शंभर किलो गवती चहा गाळला की जेमतेम अर्धा किलो तेल निघते. म्हणजे आजी जुडीभर पात चहात टाकत होती, आणि आपण एका थेंबात किती जुड्या ओततो याचा हिशेब कोणी करीत नाही. निलगिरी तेलाचा एक चमचा पोटात गेला तर लहान मूल बेशुद्ध पडू शकते, त्याला झटके येऊ शकतात. कापराचा एखादा ग्रॅमसुद्धा तान्ह्याच्या जिवावर बेतू शकतो. बाजारातला बहुतेक कापूर तर झाडातून निघालेला नसतोच, टर्पेंटाइनपासून कारखान्यात बनवलेला असतो. अमेरिकेत अंगाला लावायच्या औषधात ११ टक्क्यांहून जास्त कापूर घालायला बंदी आहे. निलगिरी आणि कापूर यांच्या वापरानंतर मोठ्या माणसांनाही फेफऱ्याचे झटके आल्याच्या नोंदी दक्षिण भारतातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी प्रसिद्ध केल्या आहेत.

तेव्हा दोन वर्षांखालच्या बाळाच्या नाकाला, छातीला कापूर-मेंथॉलचे काही चोळू नये. ज्याला फेफऱ्याचा त्रास आहे त्याने ही तेले हुंगण्याआधी डॉक्टरांना विचारावे. दमेकऱ्याच्या खोलीत ती जाळू नयेत. आणि घरात निलगिरीची बाटली असेल तर ती खोकल्याच्या औषधाशेजारी ठेवू नका. दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात, आणि रात्री दोन वाजता, दिवे गेलेले असताना, चमचा भरणाऱ्या हाताला फरक कळत नाही.