दुखणं कोणत्या भाषेत सांगावं?

सोलापूर हे चार भाषांचं गाव. मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू. बाजारात चारी भाषांत भाव होतो. कोणाचं काही अडत नाही. भेंडीकडे बोट दाखवलं तरी भेंडी मिळते. दवाखान्यात मात्र बोट दाखवून भागत नाही. पोटावर हात ठेवला तर पोट दुखतं एवढंच डॉक्टरांना कळणार. कधीपासून दुखतं? जेवणाआधी की जेवणानंतर? हे बोलूनच सांगावं लागतं.

पोटदुखीला कानडीत 'होट्टे नोवु' म्हणतात, तेलुगूत 'कडुपु नोप्पि'. डॉक्टर परगावचे असले तर त्यांना हे शब्द कसे कळावेत? आणि मराठी बोलणाऱ्यांनीही निश्चिंत राहू नये बरं का. आपण म्हणतो, "जीव घाबरा होतो." म्हणजे नेमकं काय? कोणाला धाप लागते, कोणाची छाती धडधडते, कोणाला नुसती मळमळ होते. दुखणी वेगळी, औषधंही वेगळी. म्हणून काय होतंय ते उलगडून सांगावं.

याच सोलापुरात १९१० साली द्वारकानाथ कोटणीस जन्मले. मुंबईला शिकून डॉक्टर झाले. १९३८ साली जपान आणि चीन यांचं युद्ध चालू होतं. तेव्हा काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक चीनला पाठवलं. त्यात कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकरही होते. समोर जखमी माणूस कण्हतो आहे आणि त्याचा एक शब्द कळत नाही! कोटणिसांनी चिनी भाषा शिकायला घेतली. वय २८, आणि नव्याने अक्षरं गिरवायची. आपल्या वर्गातल्या मंडळींना त्यातले कष्ट वेगळे सांगायला नकोत. पुढे ते तिथल्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. चिनी विद्यार्थ्यांना त्यांच्याच भाषेत शिकवू लागले. लग्नही तिथल्याच परिचारिकेशी झालं. मुलाचं नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी ते तिकडेच वारले. सोलापूरच्या त्यांच्या घरात आता स्मारक आहे. सवडीने पाहून यावं.

पण प्रत्येक डॉक्टर चार भाषा शिकेल असं नाही. मग आपण काय करायचं? बरोबर दुभाष्या न्यावा. बहुतेक घरांत हे काम शाळेत जाणाऱ्या पोरावर पडतं, कारण त्याला मराठी येतं. आम्हाला हे पटत नाही. समजा, विडी वळणारी एक तेलुगू बाई आहे. तिला पाळीचा त्रास आहे. दहा वर्षांच्या मुलासमोर ती काय सांगणार? ती म्हणते, "कंबर दुखते." डॉक्टर कंबरेचं औषध देतात. मूळ दुखणं अंगात वाढत राहतं. अशा वेळी शेजारची जाणती बाई बरोबर न्यावी. इंग्लंडातल्या सरकारी दवाखान्यांत परभाषेच्या रुग्णाला दुभाष्या देतात, कधी टेलिफोनवरूनही. आपल्याकडे शेजारधर्म आहे, तो वापरावा.

औषध हाती आलं की लगेच उठू नये. कसं घ्यायचं ते आपल्या तोंडाने डॉक्टरांना परत सांगावं. "सकाळी एक, रात्री एक, जेवल्यावर. बरोबर ना?" चूक असली तर तिथेच कळते. 'एक चमचा' म्हणजे कोणता, तेही विचारावं. चहाच्या चमच्यात सुमारे ५ मिलिलीटर मावतं, मोठ्यात १५. लहान मुलाला तिप्पट औषध गेलं तर जिवावर बेतेल.

उपासाचंही सांगावं. रमजानचे रोजे असोत, नवरात्र असो की एकादशी. साखरेच्या आजाराची काही औषधं उपाशीपोटी घेतली तर साखर एकदम उतरते, माणूस बेशुद्ध पडतो. रोजा किंवा उपास सुरू होण्याआधीच डॉक्टरांकडे जावं. वेळ आणि प्रमाण ते बदलून देतात. घरी झाडपाल्याचा काढा चालू असेल तर तो लपवू नये. आणि पूर्वी एखाद्या औषधाने अंगावर गांधी उठल्या असतील, तर त्या औषधाचं नाव कागदावर लिहून तो कागद जवळ ठेवावा. स्वतःच्या हाताने लिहिलात तर फारच छान.